पोरांच्या फिल्ममधला 'पांडू' आणि वर्गातला खरा पोरगा: दाखवायचं कसं?

शूटिंगवाला_सांगली

नमस्कार मंडळी. मी सांगलीत लग्नाचं शूटिंग करतो, बावीस वर्षं झाली. कॅसेट, सीडी, पेनड्राइव्ह, आता रील, सगळं करून झालं. पिक्चर भरपूर बघतो, पण त्यावर बोलायची सवय नाही. इथं जाणकार आहेत म्हणून विचारतोय. जरा लांबेल.

मुलगी अकरावीला आहे. तिच्या ग्रुपनं गॅदरिंगला वीस मिनिटांची फिल्म करायची ठरवलीय. कॅमेरा, लाइट, एडिटिंग सगळं अर्थातच फुकट, बाप कशाला आहे! मी म्हटलं देतो, पण आधी स्क्रिप्ट दाखवा. दाखवली.

कॉलेजचं कॅन्टीन. एका टेबलावर रॉकी आणि त्याची स्पोर्ट्स बाईकवाली गँग. दुसऱ्यावर मायरा, आणि ती हसली की हसणाऱ्या दोन मैत्रिणी. तिसऱ्यावर चष्मेवाला स्कॉलर, एकटाच. एक जाडा, जो सुरुवातीपासून शेवटपर्यंत वडापाव खातो. आणि खेड्यातून आलेला पांडू. तेल थापून चप्प भांग, शर्टाचं गळ्याशी बटण. पांडूला सगळे हसतात. मग मायरा त्याला सलूनमध्ये नेते, गॉगल घालते, पांडू गॅदरिंगला नाचतो, टाळ्या. संपलं.

मुलीला विचारलं, "तुमच्या कॅन्टीनला टेबलं किती?"

"चार. एकाचा पाय मोडलाय."

"मग ही गँगवार टेबलं कुठनं आली?"

"पप्पा, पिक्चरमध्ये तसंच असतं."

आणि पांडू! सोळा-सतरा वर्षांचा एक तरी पांडू मला जिल्ह्यात दाखवा, त्याच्या लग्नाचं शूटिंग फुकट करून देतो. बारशाच्या ऑर्डरी मीच घेतो ना. जतपासून शिराळ्यापर्यंत पाळण्यात शौर्य, रणवीर आणि विराज झोपलेत. तेल लावलेला भांग तर मी गेल्या पाच-सात वर्षांत फक्त नवरदेवाच्या आजोबांचा बघितलाय.

पात्रांना आडनावं नाहीत हे लक्षात आलं म्हणून स्क्रिप्ट लिहिणाऱ्या पोराला विचारलं. म्हणाला, "काका, आडनाव आलं की जात आली. जात आली की सर परमिशन देत नाहीत. म्हणून सगळ्यांचीच काढून टाकली." पोरगं हुशार आहे, त्याला नावं ठेवत नाही.

आता मला हे का टोचतंय ते सांगतो.

मागच्या मे महिन्यात मिरजेच्या बाजूला एक वरात होती. मुलीच्या मैत्रिणीच्या भावाचं लग्न, त्यामुळं तिचा निम्मा वर्ग नाचायला. दोन्ही बाजूंना रोषणाईचे दिवे धरणारी पोरं, चार-चार. ज्यांनी जवळून बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो: दिव्यांचा दांडा खांद्यावर, सगळ्या दिव्यांतनं एकच वायर गेलेली, ती मागच्या जनरेटरच्या गाडीला. एकाला बाजूला व्हायचं म्हटलं तरी होता येत नाही, अख्खी रांग थांबते.

डावीकडचा तिसरा पोरगा एकसारखा दांडा फिरवत होता. नाचणारे जवळ आले की दिवा स्वतःच्या तोंडापुढं आणायचा. माझ्या फ्रेमवर उजेड उडत होता, नवरदेव काळा पडत होता. मी वैतागून ओरडलो, "ए, दिवा सरळ धर की!" त्यानं धरला सरळ.

एडिटिंगला बसलो तेव्हा मुलगी मागं उभी होती. म्हणाली, "थांबवा. पप्पा, हा आमच्या वर्गातला आहे."

नऊ सेकंदांची क्लिप आहे. लग्नाच्या फिल्ममधून मी ती काढली, पण डिस्कवर तशीच आहे. स्क्रिप्टमधल्या पाच पात्रांत हा पोरगा कुठंच बसत नाही. जाडा नाही, चष्मा नाही, आणि केस आमच्या रॉकीपेक्षा भारी कापलेले होते.

तर विचारायचं हे. वर्गात वेगवेगळ्या घरची पोरं असतात, ती पात्रांतनं दाखवायची कशी? आडनाव न घेता जमतं का? आणि दाखवलं की तो लगेच 'गरीब बिचारा' होऊन बसतो, ते कसं टाळायचं? पोरांना सांगण्यासारखं काहीतरी सांगा. 'वास्तववादी करा' असलं नको, ते मीपण सांगितलंय.

---

कृष्णाकाठचा_प्रेक्षक

दादा, तुमच्या पोरांची टेबलं अमेरिकेतनं आलीत. पत्तासुद्धा देतो.

जॉन ह्यूजचा 'द ब्रेकफास्ट क्लब', १९८५. शिक्षा म्हणून शनिवारी दिवसभर पाच मुलं शाळेच्या लायब्ररीत अडकवलेली. एक स्कॉलर, एक खेळाडू (तोही कुस्तीतला, सांगलीकरांना बरं वाटेल), एक श्रीमंत घरची, एक विक्षिप्त, एक वाया गेलेला. मग २००४ च्या 'मीन गर्ल्स'मध्ये शाळेत नवीन आलेल्या मुलीला जेवणाच्या हॉलचा नकाशाच काढून मिळतो, कुठल्या टेबलावर कुठली जमात बसते त्याचा. त्यानंतर टेबलं जगभर गेली.

तिकडं त्याला कारण आहे. त्यांच्या हायस्कूलला आपल्यासारखी तुकडी नसते. तास बदलला की पोरंच वर्ग बदलतात. सगळी एका ठिकाणी सापडतात ती जेवणाच्या सुट्टीत, मोठ्या हॉलमध्ये. त्यामुळं डायरेक्टरला गट दाखवायला टेबल सोयीचं. आपल्याकडं टपरीवर उभ्यानं चहा पितात. तिथं टेबल मांडलं की खोटं दिसणारच.

पण ब्रेकफास्ट क्लबमधली एक गोष्ट मात्र पोरांनी जरूर उचलावी: दुपारच्या खाण्याचा सीन. श्रीमंत मुलगी जपानी सुशी काढते, १९८५ साली. खेळाडू पिशवीतनं एकामागून एक इतकं काढत जातो की बाकीचे बघत बसतात. स्कॉलरच्या डब्यात आईनं कडा कापून दिलेलं सँडविच. विक्षिप्त पोरगी ब्रेडवर साखर आणि नाश्त्याचं सीरियल घालून कुरुमकुरुम खाते. आणि वाया गेलेल्याकडं काहीच नाही, तो दुसऱ्यांच्या डब्यांची टिंगल करत हिंडतो. कुणी बापाचा पगार सांगत नाही, आडनावाचा तर विषयच नाही. पाच डबे उघडले, पाच घरं दिसली.

शेवटी त्या विक्षिप्त मुलीला श्रीमंत मुलगी नटवते, आणि मग ती खेळाडूला आवडते. चांगल्या पिक्चरमधला हाच भाग आजही अनेकांना खुपतो. तुमच्या पांडूचा गॉगल त्याच दुकानातला आहे. गॉगल घेऊ नका, डबा घ्या.

---

पोवई_नाका

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. प्रत्येक गोष्टीत जात कशाला आणायची? आम्ही साताऱ्यात शिकलो. सकाळी अजिंक्यतारा चढायचा, उतरून मोती चौकात यायचं, ज्याच्या खिशात पैसे त्यानं पेढे घ्यायचे. आठ जण होतो. कुणी कुणाची जात विचारली नाही. पोरं मजेनं करतायत तर करू द्या.

आणि दाखवायचीच असेल तर दुसऱ्या बाजूचंही बोला. हल्ली पिक्चरमध्ये पाटील आला की पांढरा कडक शर्ट, सोन्याचं कडं, स्कॉर्पिओ आणि मागं चार माणसं. आमचे वडील पाटील. माण तालुक्यात दोन एकर जिरायत, सोसायटीचं कर्ज, आणि एम-एटी गाडी, तीसुद्धा किक मारून मारून चालू होणारी. पाऊस नसला की आई रोजगार हमीवर जायची. मी अकरावीला साताऱ्यात आलो तेव्हा दोन पँटी होत्या. मला बघून कुणी स्क्रिप्ट लिहिली असती तर तुमच्या पांडूतच घातलं असतं. वर वर्गातली पोरं म्हणायची, "तुला काय कमी, पाटलाचा तू." हे कुठल्या पिक्चरमध्ये दाखवलंय ते सांगा.

---

निवृत्त_बाई

मी सातारा जिल्ह्यात एकतीस वर्षं हायस्कूलला शिकवलं. पोवई नाका, तुमच्या दोन पँटी अगदी पटल्या. असे विद्यार्थी मला दरवर्षी असायचे आणि त्यांचं कुणी लिहीत नाही हे खरं आहे. पण तुमच्या पहिल्या परिच्छेदाबद्दल एक सांगते. तुम्ही मित्रांना जात विचारली नसेल. मी मात्र वर्गशिक्षिका म्हणून दर जूनमध्ये ती मोठ्यानं विचारत होते.

शिष्यवृत्तीचे फॉर्म यायचे. ऑफिसातून निरोप: याद्या आज संध्याकाळपर्यंत द्या. मी वर्गावर जायचे आणि म्हणायचे, "ज्यांचे फॉर्म भरायचे आहेत त्यांनी उभे राहा." मग प्रवर्गाप्रमाणे एकेक. साठ मुलांतली वीस-बावीस उभी राहायची, बाकीची माना वळवून बघायची. दोन मिनिटांचं काम. त्या दोन मिनिटांनंतर डब्याच्या सुट्टीत कोण कुणाशेजारी बसतं ते बदललेलं असायचं. मला ते दिसायला किती वर्षं लागली असतील? अकरा. एका वर्षी एक मुलगी उभीच राहिली नाही. नंतर स्टाफरूमच्या दाराशी आली आणि म्हणाली, "बाई, फॉर्म नको. पैशाचं बघू घरी." शिष्यवृत्ती सोडायला तयार, पण उभी राहायला नाही. त्यानंतर मी चिठ्ठ्या द्यायला लागले. आधीही देता आल्या असत्या.

हे सगळं साताऱ्यात बरं का. कर्मवीर भाऊरावांनी याच गावात १९२४ साली बोर्डिंग काढलं, ते सगळ्या जातीधर्मांच्या मुलांनी एकत्र राहावं, एका पंगतीत जेवावं म्हणूनच. त्याला शंभर वर्षं उलटली.

शूटिंगवाले दादा, तुमच्या मुलांना आडनाव नको ना? मग हा सीन घ्या. बाई येतात, "उभे राहा" म्हणतात. कोण उभं राहतं हे दाखवूच नका. कोण मान वळवून बघतं ते दाखवा. बाईचं काम करायला कुणी नसेल तर मी येते. मला ते पाठ आहे.

---

कृष्णाकाठचा_प्रेक्षक

बाई, साष्टांग नमस्कार.

'गरीब बिचारा' राहिलं होतं. दादा, तुमच्या वरातीच्या क्लिपवरनं 'फँड्री' आठवला, २०१४ ला आपल्याकडं लागलेला. कैकाडी भाषेत फँड्री म्हणजे डुक्कर. गावातली डुकरं पकडायचं काम घरच्यांच्या गळ्यात, ते शाळेजवळच चाललेलं, आणि त्या घरचा शाळकरी पोरगा जब्या भिंतीआड लपतो, त्याला आवडणाऱ्या शालूनं आणि वर्गातल्या पोरांनी बघू नये म्हणून. तुमचा पोरगा दिव्याआड लपला. जब्याला निदान भिंत होती, ह्याला वायर होती.

पण जब्या बिचारा वाटत नाही. का? कारण त्याला काय काय हवं असतं! शालू हवी, जीन्स हवी, काळी चिमणी हवी. दिवसभर तो त्याच्या मागं असतो. बापावर चिडतो, शेवटी दगड उचलतो. ज्याला काही हवंच नसतं आणि जो नुसता सोसतो, तो बिचारा होतो. तुमच्या पांडूला काय हवंय? स्क्रिप्टमध्ये त्याला गॉगलसुद्धा हवा नव्हता, तो मायरानं घातला.

'सैराट'चंही (२०१६) तेच. परश्या क्रिकेट गाजवतो, कविता करतो. आणि आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर घेऊन येते, तिला कुणापासून काही लपवावं लागत नाही. तिचं घर कुठलं हे त्या न लपवण्यातनंच कळतं. भाषेचंही बघा. आपली गावाकडची भाषा एरवी पिक्चरमध्ये हसवायला ठेवलेली असते, इथं ती हिरॉइनच्या तोंडी, तीही रुबाबात. तुमच्या पोरांची मायरा काय बोलते? "ओ माय गॉड"?

पोवई नाका, तुमच्या दोन पँटींवर मी खरंच पिक्चर बघेन.

---

घाटमाथा_खानापूर

मी लिवत नाय जास्त, पण ह्यात एक घाला.

आमचं गाव विट्याकडं. वडलांचं गलाईचं दुकान कोईमतूरला. गलाई म्हंजे जुनं सोनं-चांदी आटवून शुद्ध करायचं. आमच्या खानापूर-आटपाडी भागातली कितीतरी घरं ह्या धंद्यात देशभर पसरल्यात. मी सातवीपर्यंत तिकडं तमिळ शाळेत. आजी आजारी पडली तसं आठवीला गावी आणून घातलं.

घरात मराठी बोलायचो, पण लिवायला येत नव्हतं. पहिल्याच दिवशी सर म्हणाले शुद्धलेखन घ्या, मी कोरी वही ठेवून बसलो. वर्गात नाव पडलं 'अण्णा'. तिकडं कोईमतूरला आमाला 'सेठ' म्हणायचे. हितं पोरं म्हणायची ह्यांच्याकडं किलोनं सोनं हाय. अहो सोनं लोकांचं, आमचा नुसता धूर! मधल्या सुट्टीत रोज माझ्याकडनं वडा मागायची, आणि मला वाटायचं दिला नाय तर कोण बोलणार नाय. दोन म्हयनं दिला.

एक होतं मात्र. 'ळ' माझा सगळ्या वर्गात भारी. तमिळमदी पण हाय ना तो.

असा पोरगा कुठल्या टेबलावर बसवणार? गावात श्रीमंत, वर्गात अडाणी, तिकडं परका, हितं पण परका. कुणी दाखवला तर पैल्या शोला दुकान बंद ठेवून यीन.

---

पोवई_नाका

बाई, तुम्ही लिहिलंत ते दोनदा वाचलं. आमच्या आठ जणांतले दोन जूनमध्ये उभे राहायचे, हे आत्ता आठवलं. एक आज मुंबईला आहे. पेढ्यांचे पैसे तोच जास्त वेळा द्यायचा. का ते कधी विचारलं नाही.

बाकी पाटलाबद्दलचं माझं म्हणणं कायम आहे.

---

शूटिंगवाला_सांगली

मंडळी, उशिरा उत्तर देतोय, सीझन चालू आहे. काल रात्री पोरांना घरी बोलावून भडंग समोर ठेवली आणि सगळा धागा वाचून दाखवला. काय झालं ते सांगतो.

कॅन्टीन गेलं. त्या जागी एसटी स्टँड आलं. ही आयडिया मुलीचीच. त्यांच्या वर्गाचे दोन भाग आहेत म्हणे, पण ते टेबलावर नाही, घड्याळात पडतात: पाचची गाडी पकडणारे आणि न पकडणारे. शेवटच्या तासाला पावणेपाचला काही पोरं दप्तरं मांडीवर घेऊन बसतात. गॅदरिंगची प्रॅक्टिस, वाढदिवसाचा केक, भांडणंसुद्धा पाचच्या नंतर होतात, त्यामुळं गाडीवाल्यांना सगळं दुसऱ्या दिवशी ऐकून कळतं. त्यातपण मुलींना बारावीपर्यंत पास फुकट आणि पोरांना पैसे भरावे लागतात, त्यामुळं महिनाअखेरीला एक-दोघं गायब असतात. मी म्हटलं, अरे, हे तुम्हाला माहीत होतं तर लिहिलं का नाही? लिहिणारा पोरगा म्हणाला, "हे पिक्चरसारखं वाटलं नाही काका." तो स्वतः कवठेमहांकाळच्या गाडीनं येतो!

पांडूचं नाव शौर्य झालं. तो गलाईवाल्यांचा, आठवीत नाही, अकरावीत आलेला. घाटमाथा, तुमचा 'ळ' जसाच्या तसा घेतलाय, परवानगी नंतर मागतोय. वडापाव खाणारा जाडा राहिला, कारण ते काम करणाऱ्या पोरानं सांगितलं, मी वडापाव खाण्यासाठीच फिल्ममध्ये आहे. पाटलाचा पोरगा दोन पँटींवर करायचा म्हणतायत. पोवई नाका, स्कॉर्पिओ नाही, शब्द दिला. बाई, तुमचा सीन नक्की. रविवारी याल का? स्टँडवरनं मी आणायला येतो. सर परमिशन देतात का बघू, न दिली तर आमच्या गच्चीवर वर्ग लावू.

राहिला तो पोरगा. मी मुलीला सांगितलं, क्लिप वापरायची नाही, आणि तसला सीन उभा करायचाही नाही, त्याला विचारल्याशिवाय. तिनं विचारलं. फिल्ममध्ये काम करतोस का म्हणून. म्हणाला, कॅमेऱ्यापुढं येणार नाही, लाइट करीन. आणि विचारलं, "किती देणार?" वरातीला चारशे मिळतात म्हणे. मुलगी घाबरत घाबरत घरी येऊन म्हणाली, पप्पा, आमचं बजेट नाही. मी म्हटलं, माझ्याकडं दे लावून.

परवा दुकानात आला होता. माझे दोन एलईडी पॅनल बघितले, एकाचं स्टँड ढिलं आहे हे मला न विचारता सांगितलं, पान्यानं आवळून दिलं. वरातीतल्या त्या ओरडण्याचं मी काढलं नाही. त्यानंही नाही. जाताना म्हणाला, "काका, गच्चीवर करणार असला तर दुपारी चारच्या आत करा. नंतर शेजारच्या टाकीची सावली येते." माझी गच्ची, पंधरा वर्षं झाली बांधून, माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

तर रविवारी दुपारी एकला शूट. सांगली-मिरजेत कुणाकडं जादा कॉलर माईक असेल तर कळवा, भाडं देतो. माझ्या दोनपैकी एक गेल्या आठवड्यात हळदीत भिजला.